यंत्र-सहायकासाठी सुबोध वर्णन

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांजरा धरणात आज किती पाणी आहे, हा प्रश्न लातूरकरांच्या लेखी केवळ माहितीचा नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली 'जलदूत' रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहराने पिण्याच्या पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिली, त्या शहरात धरणाच्या साठ्याविषयी दिलेले उत्तर नेमके असावे, ही अपेक्षा वाजवीच म्हटली पाहिजे.

आता या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे पाहावीत. मांजरा धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर आहे. त्यांपैकी सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा आणि सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर मृत साठा होय. उपयुक्त साठा पूर्णपणे संपला आणि मृत साठा तेवढा शिल्लक राहिला, तर 'धरणात शून्य टक्के पाणी आहे' हे विधान खरे ठरते आणि 'धरणात एकवीस टक्के पाणी आहे' हे विधानही खरेच ठरते. पहिल्यात उपयुक्त क्षमतेशी तुलना केलेली आहे, दुसऱ्यात एकूण क्षमतेशी. पाटबंधारे खात्यातील अनुभवी शाखा अभियंत्याला हा भेद सांगावा लागत नाही. 'साठा' म्हटले की विचारणाऱ्याच्या मनात कोणता साठा आहे, हे तो ओळखतो आणि शंका असल्यास विचारून घेतो. परंतु हेच उत्तर उद्या यंत्र देऊ लागले तर काय होईल? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

यंत्र-सहायक म्हणजे काय?

अलीकडच्या काही वर्षांत माणसाच्या भाषेत विचारलेला प्रश्न समजून घेऊन भाषेतच उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा सर्वपरिचित झाली आहे. या यंत्रणेने नुसते बोलण्याच्या पुढे जाऊन कामे करावीत, नोंदी शोधाव्यात, अर्ज भरावेत, अशी आता योजना होत आहे. अशा काम करणाऱ्या यंत्रणेला संगणकाच्या परिभाषेत 'एजंट' म्हणतात. तहसील कार्यालयाच्या आवारात या शब्दाला जो वास आहे तो सर्वांना ठाऊक आहे. म्हणून येथे 'यंत्र-सहायक' हा शब्द योजिला आहे.

या सहायकाला भाषा येते, पण आजचा धरणसाठा, लातूरच्या बाजार समितीतील आजचा सोयाबीनचा दर किंवा एखाद्या गटाचा सातबारा त्याला ठाऊक नसतो. ही माहिती आणून देणारे छोटे छोटे संगणकीय कार्यक्रम त्याला जोडून दिलेले असतात. त्यांना 'साधने' म्हणावे. प्रत्येक साधनाबरोबर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : साधनाचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी. नागरिकाचा प्रश्न आला की सहायक ही वर्णने वाचतो, त्यांवरून एक साधन निवडतो, त्याला हवी ती माहिती पुरवितो आणि आलेले फळ वाचून उत्तराची वाक्यरचना करतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. साधनाच्या आत काय चालते हे सहायकाला सामान्यतः दिसत नाही. ते साधन कोणत्या खात्याने कोणत्या हेतूने तयार केले, त्याची आकडेवारी किती वाजता अद्ययावत होते, त्यातील 'जिल्हा' या शब्दाचा अर्थ काय, हे त्याला लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या टेबलावरील जुन्या कारकुनाला विचारण्याची सोय त्याला नाही. ते वर्णन हेच त्या साधनाविषयीचे त्याचे बहुतेक सारे ज्ञान असते.

साधने जोडण्याची रीत एकसारखी व्हावी म्हणून अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या नावाचा खुला संकेत प्रसिद्ध केला. जोडणीचा प्रश्न अशा संकेतांनी पुष्कळसा सुटतो. वर्णनातील शब्द मात्र ज्याचे त्यालाच लिहावे लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये कृषिक्षेत्रासाठी 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केले. शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता यावेत म्हणून कृषी विभागाचे 'महाविस्तार' हे ॲपही त्याच वर्षी आले. शासनाच्या इतर सेवाही या वाटेने जातील, अशी चिन्हे आहेत. यास्तव या वर्णनांचा विचार केवळ संगणक-अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.

ओळखीची गोष्ट, नवा वाचक

हे काम वाटते तितके नवे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवा कोणती, ती किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करावयाचे, हे कार्यालयाच्या सूचना फलकावर लावावे लागते. त्याआधीपासून नागरिकांची सनद आहे. साधनाचे वर्णन ही अशीच एक सनद होय. फरक इतकाच, की फलक वाचून न समजलेला नागरिक खिडकीशी येऊन विचारतो. यंत्र-सहायक पुष्कळदा विचारत नाही. वर्णन मोघम असेल तर तो आपल्या परीने अर्थ लावून पुढे जातो, आणि तितक्याच आत्मविश्वासाने, शुद्ध मराठीत, चुकीचे उत्तर देतो. उत्तराची भाषा सुबक असल्यामुळे नागरिकाला संशयही येत नाही.

साधनाची निवड : सातबारा आणि आठ-अ

समजा, दोन साधने जोडलेली आहेत. पहिल्याचे वर्णन 'जमिनीची माहिती देते' असे आहे आणि दुसऱ्याचे 'खातेदाराच्या जमिनीची माहिती देते' असे आहे. कंधार तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी विचारतो, "गावात माझ्या नावावर सगळी मिळून किती जमीन आहे?" दोन्ही वर्णने या प्रश्नाला लागू पडतात. सहायकाने पहिले साधन निवडले तर तो एका गटाचा सातबारा आणील आणि त्या गटातील क्षेत्र हीच शेतकऱ्याची एकूण जमीन म्हणून सांगेल.

महसूल खात्यातील माणसाला हा घोटाळा होणार नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोहोंचा मिळून सातबारा होतो आणि तो एका भूमापन क्रमांकाचा किंवा गटाचा असतो. गाव नमुना आठ-अ मध्ये त्या गावातील एका खात्यावरील सर्व गट एकत्र दिसतात. म्हणून वर्णन असे हवे : 'हे साधन एका गावातील एका गटाचा सातबारा देते. त्या गटाचे भोगवटादार, क्षेत्र व पिकांची नोंद पाहण्यासाठी वापरावे. एका व्यक्तीच्या नावावरील गावातील एकूण जमीन हवी असल्यास हे साधन वापरू नये ; आठ-अ चे साधन वापरावे. दुसऱ्या गावातील जमीन यात दिसत नाही.'

या वर्णनातील सर्वांत मोलाचे वाक्य 'वापरू नये' हे आहे. साधन काय करते हे सगळेच लिहितात. ते काय करीत नाही आणि तशा वेळी कोणाकडे जावे, हे लिहिले म्हणजे दोन शेजारी साधनांमधील बांध स्पष्ट होतो. शेताचा बांध मोडला की भांडण लागते, तसेच येथेही होते. संकेतस्थळावर पाहावयास मिळणारी विनास्वाक्षरी प्रत आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा यांतील भेदही असाच नमूद व्हावा. नाहीतर केवळ माहितीसाठी असलेली प्रत घेऊन शेतकरी बँकेच्या दारात उभा राहील.

'दाखला' या एका शब्दाची गोष्टही अशीच आहे. लातूर येथे निकालानंतरच्या दिवसांत प्रवेशासाठी विद्यार्थ्यांची व पालकांची जी धावपळ उडते, तीत 'दाखला काढायचा आहे' हे वाक्य पदोपदी ऐकू येते. शाळा सोडल्याचा, जन्माचा, रहिवासाचा की उत्पन्नाचा? उत्पन्नाचा असेल तर एका वर्षाचा की तीन वर्षांचा? नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. एका वर्षाचा दाखला काढून दिला तर प्रवेशाची मुदत त्याच खेपेत निघून जाऊ शकते. अशा ठिकाणी वर्णनात स्पष्ट लिहावे : 'नागरिकाने केवळ "दाखला" असे म्हटल्यास प्रकार व प्रयोजन विचारल्याशिवाय हे साधन वापरू नये.' यंत्राला विचारता येते. विचारावे कधी, हे मात्र त्याला सांगावे लागते.

द्यावयाची माहिती : गाव कोणते?

दुसरी अडचण नावांची. लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. त्यांतील शिरूर अनंतपाळ याला लोक नुसते 'शिरूर' म्हणतात. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. साधनाने फक्त 'तालुका' एवढेच मागितले आणि सहायकाने 'शिरूर' एवढेच दिले, तर मांजराकाठच्या शेतकऱ्याला घोडनदीकाठचे हवामान सांगितले जाईल. गावांच्या बाबतीत हे शतपटीने खरे आहे. खुर्द आणि बुद्रुक हे भेद, प्रत्येक तालुक्यात भेटणाऱ्या वाड्या आणि तांडे, एकाच नावाची अनेक गावे, हे सर्व पाहता गावाचे नाव ही ओळख पुरेशी नाही. जिल्हा, तालुका आणि गाव ही तिन्ही नावे किंवा गावाचा संकेतांक मागावा आणि संकेतांक कोणत्या यादीतील हेही लिहावे.

जिल्हा म्हणजे काय, हेही लिहावे लागते. मांजरा धरण बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगाव येथे आहे, आणि त्याचे पाणी लातूर शहर पिते. 'जिल्ह्यातील धरणे' मागताना सहायकाने 'लातूर' असे कळविले आणि साधनाने धरणाच्या जागेचा जिल्हा पाहिला, तर लातूरच्या पाण्याचा प्रश्न विचारूनही मांजराचे नाव उत्तरात येणार नाही. नांदेडचे लोक 'विष्णुपुरी' म्हणतात, तर कागदोपत्री त्याच प्रकल्पाला डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव जोडलेले आढळते. दोन्ही नावे वर्णनात असावीत.

जुन्या अभिलेखांसाठी आणखी एक दक्षता हवी. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला. त्यापूर्वीची जिल्हावार आकडेवारी उस्मानाबादच्या नावे आहे आणि उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे. १९७२ च्या दुष्काळातील लातूर परिसराची आकडेवारी मागणाऱ्याला 'लातूर जिल्ह्याची नोंद नाही' असे उत्तर मिळाले तर ते अक्षरशः खरे आणि प्रत्यक्षात निरुपयोगी होय. पदनामेही बदलतात. तलाठ्याचे आज 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आहे आणि ग्रामसेवकाचे 'ग्रामपंचायत अधिकारी'. ग्रामस्थ मात्र तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणणार. वर्णनात अधिकृत शब्द आणि चालता शब्द हे दोन्ही आले म्हणजे लोकांची बोली आणि शासनाची भाषा यांची गाठ पडते. मराठवाड्यातील शेतकरी 'हायब्रीड' म्हणतो तेव्हा त्याला संकरित ज्वारी अभिप्रेत असते. पिकाच्या साधनाने हे जाणले पाहिजे.

मिळणारी माहिती : एकक, दिवस आणि शून्य

साधनाने आणलेला आकडा एककाशिवाय असेल तर तो अर्धाच आकडा होय. सातबाऱ्यावरील १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. गावात बोलणे एकराचे आणि गुंठ्याचे चालते. एकक न लिहिल्यास सहायक त्याला 'सव्वा एकर' म्हणून मोकळा होईल. बाजारभावाच्या साधनातही दर क्विंटलचा आहे, किमान, कमाल आणि सर्वसाधारण यांपैकी कोणता आहे, आणि तो कोणत्या तारखेचा आहे, हे सांगितले पाहिजे. कमाल दर ऐकून मोंढ्यात माल आणलेला शेतकरी सर्वसाधारण दराला तो विकून परत जातो, तेव्हा गाडीभाडे त्याच्याच पदरचे गेलेले असते.

पावसाच्या नोंदीत याहून सूक्ष्म गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव आदी गावे पाण्याने वेढली गेली. प्राणहानीही झाली. अशा आपत्तीनंतर पंचनाम्याच्या वेळी 'अमुक तारखेला किती पाऊस झाला' हा प्रश्न हटकून येतो. पर्जन्यमापनाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १८ ऑगस्टची नोंद म्हणजे १७ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १८ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. '१७ तारखेच्या रात्री झालेला पाऊस' विचारणाऱ्याला १७ तारखेची नोंद दिली तर मुसळधार पावसाची रात्र त्या उत्तरातून गळून पडेल. शिवाय अतिवृष्टीची कसोटी, म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस, महसूल मंडळाला लावली जाते. तालुक्याची सरासरी पाहिली तर एखाद्या मंडळातील ढगफुटीसारखा पाऊस शेजारच्या कोरड्या मंडळांत विरघळून जातो. साधन मंडळाचा आकडा देते की तालुक्याची सरासरी देते, हे वर्णनात ठळकपणे आले पाहिजे.

आणि शून्य. पर्जन्यमापक बंद पडला, नोंद आलीच नाही, तरी पुष्कळ तक्त्यांत त्या रकान्यात ० दिसतो. पाऊस पडला नाही आणि पावसाची नोंद झाली नाही, यांत दुष्काळ आणि अज्ञान यांच्याइतके अंतर आहे. साधनाने अशा वेळी 'नोंद उपलब्ध नाही' असे शब्दांत कळवावे, आणि सहायकाने त्याचा अर्थ शून्य असा लावू नये, हे वर्णनात लिहावे.

नियम बदलतो, वर्णनही बदलावे

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. खरीप २०२५ पासून ती तरतूद गेली आणि शेतकऱ्याने खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीसाठी दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावयाचा, अशी रचना आली. ज्या साधनाच्या वर्णनात 'एक रुपयात पीक विमा' हे शब्द तसेच राहिले, ते साधन दुरुस्त माहिती आणीत असले तरी सहायकाच्या मनात जुनाच समज रुजलेला राहील. शासन निर्णय बदलला की परिपत्रक निघते. त्याच टिपणीवर आणखी एक ओळ असावी : 'संबंधित साधनाचे वर्णन सुधारण्यात आले काय?' प्रत्येक वर्णनाखाली ते कोणत्या दिनांकापासून लागू आहे आणि त्याची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे, हे लिहून ठेवणे इष्ट होय.

पाहणे वेगळे, करणे वेगळे

आतापर्यंतची साधने माहिती आणणारी होती. काही साधने नोंदी बदलतील : अर्ज दाखल करतील, शुल्क भरतील, हरकत नोंदवतील. 'फेरफाराची स्थिती पाहणे' आणि 'फेरफारासाठी अर्ज दाखल करणे' ही दोन कामे एकाच साधनात कोंबू नयेत. दुसऱ्याच्या वर्णनात असे असावे : 'या साधनाने नोंद बदलते. नागरिकाला सर्व तपशील वाचून दाखवून त्याची स्पष्ट संमती घेतल्यावरच वापरावे. एकदा दाखल केलेला अर्ज येथून मागे घेता येत नाही.'

परंतु वर्णन ही पाटी आहे, कुलूप नव्हे. 'आत जाण्यास मनाई' असे लिहिल्याने दार बंद होत नाही. कोणाला काय करण्याची मुभा आहे याचे बंधन यंत्रणेतच घातले पाहिजे. त्याचप्रमाणे बाहेरून आलेले साधन जोडताना त्याचे वर्णन एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने वाचून घ्यावे. सहायक वर्णनाला सूचना समजून वागतो, आणि म्हणून त्यात कोणी लबाडीने घुसडलेले वाक्यही तो आज्ञा म्हणून पाळण्याचा धोका असतो.

एक नमुना

मांजरा धरणाचे उदाहरण पूर्ण करून पाहू. मोघम वर्णन असे असते : 'पाणीसाठ्याची माहिती देते.' सुबोध वर्णन पुढीलप्रमाणे होईल :

नाव : धरणाचा उपयुक्त पाणीसाठा.

कार्य : एका धरणातील दिलेल्या दिनांकाचा साठा देते.

केव्हा वापरावे : धरणात किती पाणी उरले आहे, असा प्रश्न असल्यास.

केव्हा वापरू नये : शहराच्या नळाला पाणी कधी येणार, विहिरींची पातळी किंवा नदीतील विसर्ग, या प्रश्नांसाठी.

द्यावयाची माहिती : धरणाचे नाव व दिनांक. जिल्हा दिल्यास तो धरणाच्या जागेचा समजला जातो, लाभक्षेत्राचा नव्हे. मांजरा धरण बीड जिल्ह्यात मोडते.

मिळणारी माहिती : उपयुक्त साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, उपयुक्त क्षमतेशी त्याची टक्केवारी, आणि मृत साठा स्वतंत्र. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर.

सावधानता : टक्केवारी सांगताना 'उपयुक्त साठ्याच्या' हे शब्द गाळू नयेत. उपयुक्त साठा शून्य असला तरी मृत साठा शिल्लक असू शकतो, तो वेगळा सांगावा. नोंद नसल्यास आदल्या दिवसाचा आकडा त्याच्या दिनांकासह द्यावा.

हा नमुना लांबलचक नाही. त्यातील प्रत्येक ओळ एखादी संभाव्य चूक टाळण्यासाठी आहे, आणि जी ओळ कोणतीही चूक टाळीत नाही ती काढून टाकावी. साधनांच्या गौरवपर विशेषणांचा यंत्राला काही उपयोग नाही. तसेच एकमेकांवर पडणारी वीस साधने देण्यापेक्षा सीमा स्पष्ट असलेली पाच द्यावीत. खूप फाइली एकाच वेळी टेबलावर टाकल्या म्हणजे माणसाचा जसा गोंधळ होतो, तसा यंत्राचाही होतो.

हे लिहावे कोणी?

कार्यक्रम संगणकतज्ज्ञ लिहील, ते त्याचेच काम आहे. परंतु आठ-अ आणि सातबारा यांतील फरक, पावसाच्या दिवसाची सीमा, 'दाखला' म्हणताना मनात असलेले चार अर्थ, हे ज्ञान तहसिलात, कृषी कार्यालयात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत आहे. ते बहुतांशी अलिखित आहे. सेवानिवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर ते घरी जाते. साधनांच्या वर्णनाच्या निमित्ताने ते कागदावर आले तर यंत्राचेच नव्हे, नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याचेही कल्याण होईल.

मराठवाड्याला तर या कामाची परंपरा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील कारभाराची भाषा उर्दू होती. त्यानंतर येथील दप्तरे टप्प्याटप्प्याने मराठीत आली, आणि शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, शब्दाची व्याप्ती ठरवावी लागते, हा अनुभव त्या पिढीने घेतला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर भाषा संचालनालय सुरू झाले. पुढे पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश सिद्ध झाले. त्याहीपूर्वी शिवकाळात राज्यव्यवहार कोशाची रचना झाली होती. कारभार नव्या भाषेत न्यावयाचा तर आधी शब्दांचे अर्थ बांधून घ्यावे लागतात, ही जाणीव या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी होती. आज कारभाराच्या दारात आलेला वाचक यंत्र आहे, एवढाच काय तो फरक.

शिक्षकांचा येथे मोठा वाटा असू शकतो. एखादी वस्तू किंवा काम, ते कधीही न पाहिलेल्या माणसाला समजेल असे वर्णन करणे, हा भाषेच्या तासाचा जुनाच अभ्यास आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणालगतच्या आणि उदगीर, देवणी, निलंगा या कर्नाटकालगतच्या तालुक्यांत मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, बंजारा बोलली जाते. एकाच वस्तूला घरी एक आणि पुस्तकात दुसरा शब्द असतो, हे तेथील शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? लोक कोणत्या शब्दांनी विचारतात याची यादी करावयाची झाल्यास तिचा आरंभ अशा शाळांतून व्हावा.

कसोटी

वर्णन चांगले झाले की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवू नये. ग्रामसभेत आणि सेवा केंद्रावर लोकांनी खरोखर विचारलेले वीस-पंचवीस प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, अर्धवट वाक्यांसह उतरवून घ्यावेत. त्यांची खरी उत्तरे जाणकाराकडून लिहून घ्यावीत. मग तेच प्रश्न यंत्र-सहायकाला विचारून तो कोणते साधन निवडतो, त्याला कोणती माहिती पुरवितो आणि काय उत्तर देतो, हे ताडून पाहावे. उत्तर चुकले तर यंत्राला दोष देण्यापूर्वी वर्णनातील कोणत्या शब्दाने त्याला तिकडे नेले, ते शोधावे. पुष्कळदा एक वाक्य वाढविल्याने चूक दुरुस्त होते. दुरुस्तीनंतर सर्व प्रश्न पुन्हा विचारावेत, कारण एका ठिकाणचे वाक्य बदलले की दुसऱ्या ठिकाणची निवड बिघडू शकते. इतके करूनही उत्तर कधी चुकेल हे गृहीत धरावे, आणि ज्या उत्तरावर नुकसानभरपाई, प्रवेश किंवा जमिनीचा हक्क अवलंबून आहे, ते अखेरीस अधिकाऱ्याने पाहिलेलेच असावे.

सुशिक्षित माणूस चुकीचे उत्तर मिळाल्यास दुसरीकडे विचारतो, संकेतस्थळ उघडतो, अर्ज करतो. ज्याला वाचता येत नाही, जो भ्रमणध्वनीवर बोलून विचारतो, त्याच्यापाशी ते एकच उत्तर असते. यंत्र-सहायकाची सोय सर्वांत अधिक त्याच्यासाठी आहे, आणि मोघम शब्दाची किंमतही सर्वांत अधिक तोच मोजतो. प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवांपैकी केवळ एक सेवा घ्यावी, ती 'केव्हा वापरावी, केव्हा वापरू नये' अशा दोन ओळींत लिहावी आणि गावातील चार माणसांना वाचून दाखवावी. त्या चौघांना ती समजली, तर यंत्रालाही समजण्याची आशा बाळगता येईल.